मैत्रिणीची पत्रं तिच्या लेकीला द्यावीत का?

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात रत्नागिरीहून पार्सल आलं. आत हिरव्या खणात बांधलेला पत्रांचा गठ्ठा, सगळी माझ्या हातची. सोबत चिठ्ठी होती: "मावशी, आईचं कपाट आवरताना सापडली. वरच्या पत्रावर तुझं अक्षर दिसलं म्हणून गाठ सोडली नाही. आईने तुला लिहिलेली असतील ना गं तुझ्याकडे? मला वाचायला देशील?"

माझी ही मैत्रीण गेल्या आषाढात गेली. आम्ही दोघी वाईच्या, पाचवी ते दहावी एका बाकावर. १९८५ मध्ये लग्न होऊन मी अकोल्याला आले, दोन वर्षांनी ती रत्नागिरीला गेली. तेव्हापासून दोन्ही घरी फोन येईपर्यंत, म्हणजे २००३ पर्यंत, आम्ही एकमेकींना लिहीत राहिलो. माझ्याकडची तिची पत्रं परवा मोजली, २१८ भरली.

माझं सासर १४ माणसांचं. आलेलं पत्र आधी सासऱ्यांच्या हातात पडायचं आणि रात्री जेवणं झाली की सासूबाई ते मला मोठ्याने वाचायला लावायच्या. त्यामुळे घरच्या पत्त्यावर यायचं ते खुशालीचं. खरं पत्र मी शिकवायचे त्या शाळेच्या पत्त्यावर. खुशालीच्या पत्रात आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. "लोणच्याला बुरशी आली" म्हणजे घरात वाजलंय. "बरणी तडकली" म्हणजे नवऱ्याशी अबोला आहे. हे वाचलं की मला कळायचं, दोन दिवसांत शाळेत जाडजूड पाकीट येणार. सासूबाई मात्र दर वेळी मनापासून उपाय सांगायच्या. "तिला लिही, बरणीला हिंगाची धुरी दे. फोड तेलाच्या वर आली की बुरशी धरतेच, तेल वर चांगलं चार बोटं असू दे." मी तेही लिहून पाठवायचे.

आता अडचण अशी आहे. त्या पत्रांत तिच्या सासरबद्दल आहे, नवऱ्याबद्दल आहे, आणि तो हयात आहे. शिवाय एक पत्र असं आहे की ते लेकीच्या हाती पडलं तर तिला काय वाटेल, या विचाराने माझी झोप उडाली आहे. ते तिने फक्त मला लिहिलं होतं. पण आई गेलेल्या पोरीला आईचं अक्षर हवं आहे, तिला नाही कसं म्हणू?

तुमच्यापैकी कुणी असं पत्रांतून मन मोकळं केलंय का? पुढे त्या पत्रांचं काय केलंत?

चिंचेचं_पान

देऊ नका ताई. तिला लेकीला सांगायचं असतं तर हयातीत सांगितलं असतं.

गोदाकाठचा

मी उलट म्हणेन. माझी आई मी नववीत असताना गेली. तिने तिच्या मामेबहिणीला लिहिलेली पत्रं होती, हे मला पुढे पंचविसाव्या वर्षी कळलं. मावशीला विचारलं तर म्हणाली, "तेराव्यानंतर बंबात घातली रे, कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून." तिचा हेतू चांगलाच होता. पण आज माझ्याकडे आईच्या हातचं म्हणून एका फॉर्मवरची सही आहे, तीही अर्धी शिक्क्याखाली. त्या पत्रांत आईने माझ्याबद्दल वाईट जरी लिहिलेलं असतं, तरी मला चाललं असतं. द्या ताई.

रातकिडा

माझं वय २६, त्यामुळे पत्रांचा अनुभव शून्य. पण मन मोकळं करायला माणूस आहे, हैदराबादला असतो. आम्ही रात्री व्हॉइस नोट टाकतो, दहा-दहा मिनिटांच्या. आणि आमचं ठरलेलं आहे, ऐकून झालं की दोघांनीही उडवायचं. मागे कॉलेजात एकाला विश्वासाने लिहिलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला होता. तेव्हापासून मला मागे काही उरायलाच नको आहे. जे त्या रात्री बोललो ते त्या रात्रीपुरतं. २१८ पत्रं ट्रंकेत पडून आहेत, हे वाचूनच मला धडकी भरली.

डाकवाला_काका

टपाल खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, पुष्कळशी सिंधुदुर्गात. रातकिडा, तुमची धडकी मला कळते, कारण कार्ड तर उघडंच असायचं. १५ पैशांचं कार्ड, त्यावर माणसं काय काय लिहायची! वाचायचं नाही म्हटलं तरी पत्ता बघताना दोन ओळी डोळ्यांत जायच्याच. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांना आम्हीच वाचून दाखवायचो. आमचे जुने पोस्टमास्तर सांगायचे, वाचलंस ना, आता उंबऱ्याच्या आत ठेवून ये.

१९८२ चा गिरणी संप आठवतो. जानेवारीत सुरू झाला आणि होळीपासून मुंबईच्या मनीऑर्डरी रोडावल्या. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली चार ओळींचा मजकूर लिहायला जागा असे. तिथे सगळे "मी खुशाल आहे" एवढंच लिहीत. माझ्या बीटात एक बाई होती, नवरा परळच्या एका गिरणीत. तिला मनीऑर्डर यायची, रक्कम दर महिन्याला कमी. आणि त्याच माणसाचं कार्ड त्याच वाडीतल्या त्याच्या मित्राला यायचं. त्यात खरं असायचं: खोलीचं भाडं थकलंय, दादरला हमालीला जातो, घरी बोलू नकोस. त्या मित्राने कधी तोंडातून शब्द काढला नाही. पण गणपतीच्या आधी त्या बाईच्या पडवीत भाताची गोणी येऊन पडली. कुणी टाकली म्हणून तिने मला विचारलं. मला ठाऊक होतं, मी नाही सांगितलं. पुढच्या वर्षीही आली.

साताऱ्याचा_फौजी

काका, डोळ्यात पाणी आणलंत.

माझंही तसंच. १९९९ मध्ये मी वर होतो, कारगिलच्या बाजूला. आमचा पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट. गावाचं नाव नाही, डोंगराचं नाव नाही. बायकोला लिहायचो की थंडी आहे, जेवण चांगलं आहे. घाबरलोय हे तिला कसं लिहिणार, पदरात आठ महिन्यांची पोर. ते लिहायचो दोस्ताला. त्याचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान. बोटं बधिर व्हायची, बॉलपेन चालायचं नाही, काखेत धरून गरम करायचं आणि लिहायचं. कोण गेलं, मला काय स्वप्न पडलं, परत आलो नाही तर माझ्या हिश्शाच्या जमिनीचं काय कर, सगळं. पठ्ठ्या पत्र वाचून दुकान बंद करायचा, आमच्या घरी जायचा, चहा प्यायचा आणि सांगायचा, "मजेत आहे गडी, पत्र आलंय." आईने पत्र दाखव म्हटलं की म्हणायचा, ग्रीस लागून खराब झालं.

११ पत्रं आहेत ती. पंक्चरच्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात. कितीदा मागितली, देत नाही. म्हणतो माझी आहेत.

चिंचेचं_पान

@साताऱ्याचा_फौजी, तुमच्या बायकोला आता माहीत आहे का हे?

साताऱ्याचा_फौजी

हो. पण आमच्या दोस्ताकडून नाही. रिटायर झाल्यावर मीच सांगितलं. चार दिवस बोलली नाही माझ्याशी.

वकिली_बाणा

फौजींचा दोस्त कायद्याने बरोबर आहे. पाठवलेल्या पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा. पण मजकुरावरचा हक्क, म्हणजे तो छापण्याचा किंवा प्रसिद्ध करण्याचा हक्क, लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. म्हणजे कृष्णाकाठताई, कागद तुमचे आणि मजकूर लेकीचा व तिच्या वडिलांचा. तुम्ही ती पत्रं द्यायलाच हवीत असं कायदा म्हणत नाही, आणि तुम्हाला ती छापायची असतील तर त्यांना विचारावं लागेल. वाचायला द्यायची की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. तिची पत्रं म्हणजे तुमच्या पत्रांची उत्तरं. त्यात तुमच्याही घरातलं असणार. ते त्या मुलीने वाचलेलं तुम्हाला चालेल का?

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रात्री दहा-बारा पत्रं उघडून बघितली. खरंच आहे. "तुझ्या धाकट्या दिराने पैसे परत केले का", "तो पुन्हा बाहेरून पिऊन आला तर तू आपली थेट माहेरी ये", असं पानोपानी आहे. माझे यजमान आता नाहीत. शेवटची १२ वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. त्यांचं ते जुनं रूप माझ्या मुलांनीही पाहिलेलं नाही.

मृण्मयी_नागपूर

जी.ए. आणि सुनीताबाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. धारवाडला राहणारे, माणसं टाळणारे जी.ए. सुनीता देशपांड्यांना लिहिताना किती भरभरून लिहीत. दोन्हीकडची पत्रं पुढे छापून आली. वाचताना मी हरखून गेले होते, पण मधेच वाटायचं की आपण कुणाच्या तरी दाराशी कान लावून उभ्या आहोत. मला स्वतःला ती छापली गेली याचा आनंदच आहे. पण जी.एं.ना तो झाला असता का, याचं उत्तर मला देता येत नाही.

अभ्यासू_अलिबागकर

एक अवांतर, पण विषयाला धरून. आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टातच कारकून. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या. पदरी दहा दिवसांचं मूल जाऊन आनंदीबाई १४ व्या वर्षीच पोळलेल्या. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहणाऱ्या मिसेस कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि आपण होऊन आनंदीबाईंना पत्र घातलं. तिथून दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना "मावशी" म्हणत. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, लोक कसे वागतात, सगळं त्यांना लिहीत. तिकडून औषधं येत. एकमेकींना पाहिलेलंसुद्धा नाही! ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा न्यायला ही मावशी आली होती.

१८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय पुरतं २२ सुद्धा नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी मिसेस कार्पेंटरकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती पुरलेली आहे. आणि १८८८ मध्ये तिकडे आनंदीबाईंचं पहिलं चरित्र निघालं ते या पत्रांच्या आधारावर. मिसेस कार्पेंटरनी ती पत्रं बंबात घातली असती, तर ती १५-१६ वर्षांची मुलगी मनातून कशी होती हे आपल्यापर्यंत आलंच नसतं.

चिंचेचं_पान

पण ती देशाची गोष्ट झाली. इथे एका घरातली गोष्ट आहे.

अभ्यासू_अलिबागकर

मान्य. तरी आनंदीबाईंनी लिहिताना देशासाठी लिहिलं नव्हतं, मावशीसाठीच लिहिलं होतं.

पाऊलखुणा

सगळे पत्रांचं गोड लिहितायत, माझा अनुभव वेगळा आहे. हॉस्टेलवरची मैत्रीण. लग्नानंतर मी तिला माझ्या संसारातलं एक फार खाजगी लिहिलं. दिवाळीत तिच्याकडे गेले तर तिच्या नवऱ्याने जेवताना त्याचाच विषय काढला, सहज, काळजीने विचारल्यासारखा. माझा घास घशात अडकला. तिचं म्हणणं, "अगं, आमच्यात काही लपवत नाही." २००१ ची गोष्ट. त्यानंतर मी कुणालाच लिहिलं नाही. वहीत लिहिते आणि वही कुलपात. ताई, तुमच्या मैत्रिणीला तुमच्यासारखी मिळाली, तिचं नशीब थोर. म्हणून सांगते, तेवढं एक पत्र तरी देऊ नका.

सांजवात_०७

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या मैत्रिणीची १४-१४ पानी पत्रं यायची. सुरुवातीला मी मनापासून उत्तरं लिहायचे. मग माझ्या घरी सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि पोस्टमनची सायकल फाटकाशी थांबली की पोटात गोळा यायचा. तिचं दुःख खरं होतं. मला ते पेलेना झालं. तीन पत्रांना उत्तर दिलं नाही, चौथं आलंच नाही. आज ती कुठे आहे मला माहीत नाही. ऐकणाऱ्यालाही कुणीतरी लागतं हो.

डोंबिवली_फास्ट

वातावरण फार जड झालंय, म्हणून विचारतो. ताई, सासूबाईंच्या लोणच्याची कृती द्याल का? चार बोटं तेल म्हणजे माझ्या डॉक्टरांना आधी विचारावं लागेल. 😀

मस्कतची_शुभदा

बाबा ओमानमध्ये होते तेव्हा आई पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. सुट्टीवरून परत जाणारं कुणी असलं की त्याच्या सामानात. एका बाजूला आम्हा मुलांच्या कविता-पाढे आणि दुसरी बाजू आई रात्री एकटी बसून भरायची. ती बाजू आम्ही अजून ऐकलेली नाही. कॅसेट आहेत, टेपही आहे. आई ८१ वर्षांची आहे, मी तिला विचारूनच ऐकेन.

पत्रव्यवहारी

अवांतर: रत्नागिरी ४१५६१२, अकोला ४४४००१. आपण पत्त्याखाली हे आकडे लिहितो ती पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, राजापूरकडचे, शिवाय संस्कृतचे कवी. पत्ता अर्धामुर्धा असला तरी पत्र निदान योग्य पोस्टात पोचायचं ते त्यांच्यामुळे.

आंतर्देशीय अजून मिळतं, अडीच रुपयांना. मी दर महिन्याला पाच आणतो. आमच्या पोस्टातल्या बाई मला बघितलं की विचारायच्या आधीच ड्रॉवर उघडतात.

हिरवळ

आंतर्देशीय फोडताना कडेचे शब्द फाटायचे आठवतंय का कुणाला? माझी मैत्रीण अगदी कडेपर्यंत लिहायची, शेवटी घडीवर, डिंकाच्या पट्टीशेजारी उभं-आडवं. सगळ्यात महत्त्वाचं नेमकं तिथेच. मी कपडे शिवायच्या सुईने कड सोडवायचे.

डॉ_सोलापूर

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं व्यवसायातलं लिहिते. जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. तेव्हा वहीत लिहिणाऱ्या पाऊलखुणा यांचंही बरोबरच चाललंय.

पण सांजवात यांचा मुद्दा मी विसरू देणार नाही. मैत्रिणीला एकटीला पेलणार नाही इतकं जड असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठताई, ते एक पत्र कशाबद्दल आहे, हे सांगता येण्यासारखं आहे का? आडून सांगितलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ

दोन दिवस विचार केला. इथे कुणाचं नाव नाही, म्हणून सांगते.

ऑगस्ट १९९१. ही लेक तेव्हा पाच आठवड्यांची होती. मैत्रिणीने लिहिलं होतं, "सगळे म्हणतात किती गोड आहे. मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही गं. रडते तेव्हा वाटतं हे दुसऱ्या कुणाचं तरी मूल आहे आणि मला सांभाळायला दिलंय. मी आई नाहीच का?" पुढे आणखी आहे, ते लिहीत नाही. अक्षर इतकं वाकडं आहे की वरचा पत्ता तिच्या हातचा नसता तर मी ओळखलंही नसतं.

आणि तीच लेक आता गरोदर आहे. सातवा लागलाय. पहिलंच.

चिंचेचं_पान

अरे देवा. आता तर मुळीच नको.

डॉ_सोलापूर

ताई, मी चिंचेचं_पान यांच्या अगदी विरुद्ध मताची आहे आणि हे कळकळीने लिहिते.

तुमच्या मैत्रिणीला बाळंतपणानंतरचं नैराश्य आलं होतं, असं या ओळींवरून वाटतं. पहिले आठ-पंधरा दिवस रडू येणं, जीव घाबरणं पुष्कळ जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पाचव्या आठवड्यातही मन असं बधिर असेल, तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. १९९१ मध्ये आपल्याकडे कुणी नजर लागली म्हणायचं, कुणी बाईच आळशी म्हणायचं. आईला झालेलं असेल तर लेकीला होण्याची शक्यता थोडी वाढते. होईलच असं मुळीच नाही. पण तिला माहीत असावं, तिच्या डॉक्टरांना माहीत असावं, घरच्यांचं लक्ष असावं. मी ओपीडीत विचारते, "आईला बाळंतपणात काही त्रास झाला होता का?" आणि मुली म्हणतात, "आईने कधी सांगितलं नाही."

पत्र द्या की नका देऊ, ते तुम्ही ठरवा. हे तिला कळू द्या मात्र.

पाऊलखुणा

मी वर म्हटलं होतं तेवढं एक पत्र देऊ नका. डॉक्टरांचं वाचून मी ते मागे घेते.

रातकिडा

मीही वाचतोय. उडवून टाकायचं ठरलं होतं त्यामागे माझी भीती होती, ती अजून आहे. पण माझ्या मित्राच्या व्हॉइस नोटमध्ये असलं काही असतं, तर त्याच्या माणसांसाठी ती उरायला हवी होती असं वाटतंय. मला नीट मांडता येत नाहीये.

गोदाकाठचा

एक शंका. ताई, तुमच्या सासूबाईंना तुमची लोणच्याची भाषा खरंच कळत नव्हती? १४ माणसांचं घर चालवणारी बाई. दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी लोणच्याला बुरशी येते आणि ऐन थंडीत बरणी तडकते, हे त्यांना खटकलं नसेल?

डोंबिवली_फास्ट

मलाही हेच विचारायचं होतं! कृती मागितली ती त्याचसाठी.

कृष्णाकाठ

उशीर झाला, माफ करा. रत्नागिरीला जाऊन आले. तिथे साधंच, घरातल्या घरात डोहाळजेवण होतं. वर्ष व्हायचंय म्हणून गाजावाजा केला नाही. निघताना २१८ पैकी ४१ पत्रं अकोल्यातच ठेवली. त्यात माझ्या घरातलं होतं आणि तिच्या यजमानांबद्दलचं. ती मी माझ्यामागे कुणाला देणार नाही, काय करायचं ते ठरवलंय. उरलेली त्याच हिरव्या खणात बांधून नेली.

ऑगस्टचं पत्र मी वेगळं, पर्समध्ये ठेवलं होतं. दुपारी बायका गेल्या, आम्ही दोघीच माजघरात होतो. आधी तिला तोंडाने सांगितलं, डॉक्टरांनी इथे लिहिलंय तेही सांगितलं. मग विचारलं, वाचायचं आहे का? हो म्हणाली. वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं. पोटावर हात ठेवून बसली होती. मला वाटलं आता रडेल. तिने विचारलं, "मावशी, याच्या पुढचं पत्र कुठाय?"

पुढचं पत्र नोव्हेंबरचं आहे. मधल्या काळात एकही नाही, कारण मी तिथे होते.

गोदाकाठचे तुम्ही विचारलंत ना. त्या ऑगस्टमध्ये घरच्या पत्त्यावरही पत्र आलं होतं, दोनच ओळींचं. "यंदाच्या लोणच्याला पाणी सुटलंय." ही खूण आमच्यात ठरलेलीच नव्हती. मी वाचून गप्प बसले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "पाणी सुटलं असेल तर पत्राने भागायचं नाही. उद्याच्या गाडीने जा तू. शाळेत मी कळवते." सासऱ्यांना काय सांगितलं त्यांचं त्यांना ठाऊक. मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, भर पावसात, मांडीवर त्यांनी बांधून दिलेले डिंकाचे लाडू. मी तिथे पाच आठवडे राहिले. या विषयावर त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

लेकीने विचारलं, तू तिथे काय केलंस मग? काय केलं! तुला न्हाऊ घातलं, धुरी दिली. रात्री तू रडलीस की मी उठायचे, तुझ्या आईला झोपू द्यायचे. दुपारी तिला मागच्या दारी नेऊन बसवायचे, ती बोलली तर ऐकायचे, नाही बोलली तर शेंगा सोलायच्या. चौथ्या आठवड्यात एकदा तू तिचा पदर मुठीत धरलास आणि सोडेनास. ती तशीच बसून राहिली, चूल विझली तरी.

नोव्हेंबरच्या पत्रात काय आहे ते मी सांगितलं नाही, तिलाच वाचायला दिलं. सध्या रोज रात्री एक वाचते म्हणे. तिच्या डॉक्टरीणबाईंना तिने सगळं सांगितलंय. बाळंतपणाला मी जाणार आहे, दोन महिने राहीन.

साताऱ्याचा_फौजी

तुमच्या सासूबाईंना माझा सॅल्यूट.

डॉ_सोलापूर

जा ताई. आणि रात्री तिला झोपू द्या, तेव्हा केलंत तसंच.

डोंबिवली_फास्ट

ताई, हिंगाची धुरी नेमकी कशी देतात तेवढं सांगा. आई होती तेव्हा ती करायची, मी कधी नीट बघितलं नाही.

कृष्णाकाठ

बरणी धुऊन कडकडीत उन्हात वाळवायची, आत थेंबभर पाणी राहता कामा नये. जळता निखारा पळीत घेऊन त्यावर खड्याच्या हिंगाची चिमूट टाकायची आणि धूर यायला लागला की बरणी त्यावर उपडी धरायची. आत धूर कोंडला की सरळ करून लगेच झाकण लावायचं. दहा मिनिटांनी लोणचं भरायचं, हाताने नाही, कोरड्या डावाने.